डोकं अडकलेलं पिल्लू

माझे मामा जालन्यात मस्तगडला राहायचे आणि शाळेत मास्तर होते. निजामाचं राज्य, त्यामुळे शाळेत शिकवणं उर्दूतून आणि घरी आल्यावर भाचरांचं डोकं खाणं मराठीतून. दहाव्या वर्षी मी त्यांच्याकडे थोडे दिवस राहायला गेले आणि कायमची भित्री होऊन परत आले. दोष त्यांच्या एका जाडजूड चित्रांच्या पुस्तकाचा.

मामांनी सांगितलं, माणसाचा पत्ताही नव्हता तेव्हा पृथ्वीवर एकदा अशी मरी आली की समुद्र जवळपास ओस पडले. मग जमिनीवरच्या काही सरड्यांसारख्या प्राण्यांनी पाण्यात पाय घातला. खायला मुबलक, हटकणारं कोणी नाही. बघता बघता पायांची वल्ही झाली, अंग माशासारखं झालं, आणि हातभर जनावराचं पाच बैलगाड्या एकामागे एक उभ्या कराव्यात एवढं धूड झालं. "बघता बघता म्हणजे लाखो वर्षं हं," असंही ते म्हणाले, पण तेवढं मी कानाआड केलं. गावी आमच्या चुलीमागे पाल होती आणि परसात विहीर. मला एवढं पुरे होतं.

पण खरी भीती पुढच्या पानावर होती. ही जनावरं पाण्यात राहिली तरी श्वास हवेतच घ्यायची. एवढी धुडं काठावर येऊन अंडी कुठून घालणार? म्हणून पिल्लू पोटातच वाढायचं आणि पाण्यात जन्मायचं. तेही शेपटाकडून, डोकं सगळ्यात शेवटी, म्हणजे बुडायला नको. चित्रात दगडात उमटलेली एक मादी होती. पिल्लाचं शेपूट आणि धड तिच्या पोटाबाहेर, डोकं आत.

"मंग पुढं काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. तशीच मेली. दोघं दगड झाले," मामा म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं. मी मात्र त्या पानावरून हलले नाही.

त्याच पावसाळ्यात मी घनसावंगीकडे, गोदाकाठच्या आमच्या गावी परतले, तेव्हा आईचे दिवस भरत आले होते. आम्ही तिघी बहिणी, मी थोरली. वडिलांची विधवा बहीण, आमची आत्या, आमच्याकडेच असायची आणि बाळंतपणाचा सगळा कारभार तिच्या हातात होता. एका सकाळी आईला कळा सुरू झाल्या. धाकट्यांना धरून मी ओसरीवर बसले होते. दुपार कलली तशी आत्या बाहेर आली, ती हसतच.

"पाय दिसून राह्यले! पायाळू हाय!"

पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मणारं मूल, आमच्याकडे भाग्याचं. त्याला जमिनीतलं पाणी कळतं म्हणतात. कुणाची कंबर धरली आणि पायाळूनं पाय लावला की सुटते म्हणतात. सुईणीला आणू का, असं वडिलांनी विचारलं, तर आत्या म्हणाली, "कशाला? पायाळूची घाई करायची न्हाई. येतंय आपोआप."

डोकं शेवटी येतं म्हणजे काय, हे त्या घरात फक्त मी पाहिलेलं होतं. मी वडिलांचा हात धरून ओरडले, "दादा, डोकं अडकतं! माय दगड होईल!" दगडाचं त्यांना काही उमगलं नाही. पण मी हात सोडेना, तेव्हा ते उठले.

सुईण ओढ्यापलीकडच्या वस्तीवर राहायची. गोदावरीला पूर होता, तिचं पाणी उलटं ओढ्यात शिरून फुगलं होतं, आणि नाव नव्हती. अशा वेळी आमच्याकडे गुऱ्हाळातली काहील पाण्यात सोडायचे. उसाचा रस आटवायची ती भली मोठी लोखंडी कढई. पोटाला सुके भोपळे बांधून एकजण पोहत ती ढकलायचा. आणि सुईणीला बोलवायला घरातल्या बाईमाणसानं कुंकू घेऊन जायचं; नुसत्या पुरुषाच्या निरोपावर ती उठत नसे. आत्या विधवा, तिला कुंकू नेता येत नसे, आणि आईला सोडून ती येणार तरी कशी? राहिले मी.

"मधोमध बस. हलायचं बिलकुल न्हाई. हललीस की उलटते," वडील म्हणाले.

पाणी गढूळ होतं, वीतभर खालचंही दिसत नव्हतं. काहिलीचं बूड गोल, त्यामुळे ती जागच्या जागी फिरायची. आता गाव समोर, तर आता वस्ती. मध्यावर खालून काहीतरी घासलं. लोखंड घुमलं आणि ते माझ्या मांड्यांना कळलं. बुडालेल्या बाभळीचा शेंडा असणार, हे आज सुचतं. तेव्हा खाली कोण आहे याबद्दल मला शंकाच नव्हती. ओरडावं तर हलेन, हलले तर उलटेल, उलटली तर सुईण कोण आणणार? इतकी भ्यालेली असून इतकी गप्प मी आयुष्यात पुन्हा कधी बसले नाही.

पाय आधी आलेत, एवढं ऐकल्यावर सुईणीनं भाकरी तव्यावरच सोडली. येताना ती माझ्यासमोर बसली. "पाय कवा दिसले?" तिनं विचारलं. मी सांगितलं. त्यावर तिचा चेहरा जो उतरला, तो पाहून पाण्याखालचं सगळं मी विसरले.

घरी पोचलो तर आत्या दारात उभी. "पोरगा हाय! पोरगा!" बाळ कमरेपर्यंत बाहेर आलं होतं, पायाळूचं तोंड दिसण्याआधीच मुलगा की मुलगी ते कळतं. सुईण आत गेली. आईचा आवाज येईनासा झाला होता. जरा वेळानं दार किलकिलं झालं.

"डोकं अटकलंय. जोर लावला तर बाई जाईल, न्हाई लावला तर लेकरू. जल्दी सांगा मालक, कोन पाहिजे?"

"तीन पोरींवर आलाय," आत्या म्हणाली. "त्यात इचारायचं काय?"

वडिलांच्या पोटाला अजून भोपळे बांधलेले होते आणि अंगावरून पाणी गळत होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता बोलतील, आता बोलतील. ते उंबऱ्याकडे बघत उभे राहिले. ओढ्यात मी भ्याले होते ते यापुढे काहीच नव्हतं.

"माय!" मी किंचाळले. "माझी माय पाहिजे!"

सुईणीनं माझ्याकडे पाहिलं, "बराबर," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

बाळाच्या तोंडात बोट घालून तिनं हनुवटी छातीकडे वळवली आणि डोकं हळूच सोडवलं, असं पुढे कळलं. आई वाचली, भाऊही वाचला. वडील वाईट नव्हते. त्यांनी मला कधी मारलं नाही. पण त्या दिवसानंतर ते घरात आले की मी उठून आईला चिकटून बसायची.

वडील वारल्यावर एकदा मी आईला विचारलं, त्या दुपारचं तुला काही आठवतं का. ती शेंगा सोलत होती.

"समदं आठवतं," ती म्हणाली. "तुझा आवाज आल्ता. त्याच्या आधी किती वेळ कोनीच बोललं न्हाई, ते बी मी ऐकलं."