आईच्या सीटखालची गुरगुर

आमच्या गाडीतला एक जुना बिघाड मी व्यवस्थित दुरुस्त करून घेतला आणि त्यामुळे आईने गाडीत बसणं सोडलं.

तपशील असे. गाडी अण्णांची, म्हणजे वडिलांची. मखमलाबादेत त्यांचा शेवंतीचा मळा. आईला ऐकू येईनासं झालं तेव्हा त्यांनी तिच्या सीटखाली वूफर बसवला. "कानाने नाय तर पाठीने ऐक!" म्हणाले. वायरिंग स्वतः केलं. (मळ्यातली मोटर जोडणाऱ्याला जगातलं काहीही जोडता येतं, असं त्यांचं मत होतं.) पहिल्या दिवसापासून वूफर गुरगुरायचा, गाणं असो वा नसो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गुरगुरही चढायची. अण्णांनी ती कधीच दुरुस्त केली नाही.

शेवंती भरात असताना अण्णा गेले. दहाव्याचे विधी करून गोदाकाठावरून परतताना घोटीची आत्या मागच्या सीटवरून म्हणाली, "काय गुरगुरतंय रे? दादाची काय इच्छा राहिली का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. (कावळा पहिल्याच फेरीत शिवला होता. पाच साक्षीदार आहेत.)

मी दुरुस्ती हाती घेतली. एक वायर ओढली. गुरगुर कायम, हॉर्न बंद! दुसरी ओढली. हॉर्न आला, तो थांबेचना! अख्खी गल्ली गॅलरीत. सुतकातल्या घरातून वीस मिनिटं हॉर्न! शेवटी शेजाऱ्यांनी बॅटरीच काढली आणि मला गाडीला हात न लावण्याची विनंती केली.

मग द्वारका चौकाजवळचे गॅरेजवाले सलीमभाई. त्यांनी सीट उचलली आणि हसले.

"साहेब, अर्थिंगची वायर रंगावरच कसलीय. बोल्टाखालचा रंग खरवडायचा असतो, नाहीतर इंजिनाचा आवाज वूफरात शिरतो. कोणी केलं हे?"

"वडिलांनी."

त्यांनी हसू आवरलं, रंग खरवडला, बोल्ट आवळला. "आता ऐका."

काहीच ऐकू आलं नाही. मी कृतार्थ झालो.

रविवारी आईला आत्याकडे घोटीला न्यायचं होतं. आई बसली, पट्टा लावला, समोर बघत राहिली.

"कर ना चालू."

"चालूच आहे, आई!" मी तिच्याकडे वळून म्हणालो. माझे ओठ तिला वाचता येतात.

"नाय झाली." तिने सीटवर तळहात ठेवला. "कुठं गेलं ते?"

"काढून टाकलं! त्रास होत होता ना?"

"कोणाला?" आई म्हणाली. "तुझे अण्णा गाडी किती पळवतात ते मला त्याच्यावरूनच कळायचं. लय चढलं की मी त्यांच्या मांडीवर चापट मारायची. मग ते हळू घ्यायचे. तेवढंच आमचं बोलणं व्हायचं रे गाडीत."

पट्टा काढून ती घरात गेली. पुढचे दोन रविवारही ती गाडीत बसली नाही.

मी पुन्हा द्वारकाला.

"सलीमभाई, बिघाड परत बसवून द्या."

"मस्करी करता का, साहेब? लोक आवाज घालवायला येतात!"

मी कारण सांगितलं. त्यांनी सीट उचलली. बोल्ट सोडवला, खाली रंगाचा हात दिला, तो वाळू दिला आणि वर वायर अण्णांसारखीच वाकडी कसली. गुरगुर आली.

आई बसली. सीटवर हात ठेवला, मान हलवली. आम्ही घोटीच्या रस्त्याला लागलो. साठ. गुरगुर चढली. चापट नाही. ऐंशी. आई बाहेर भाताची खाचरं बघत होती. माझी डावी मांडी तयारीत होती. काटा शंभराच्या पुढे गेला. तरी नाही! मी आणखी दाबला.

चापटीऐवजी हायवे पोलीस आला.

"काका, एवढी घाई कशाची?"

मी आईकडे पाहिलं. आईने त्याचे ओठ वाचले.

"त्याची चूक नाय, साहेब. लय चढलं की मी ह्याच्या अण्णांच्या मांडीवर मारायची. आज हात उचललाच नाय. म्हटलं, मांडी दुसऱ्याची हाय."

पोलिसाने आईच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, मग माझ्या टकलाकडे.

"आजी, मुलगाच ना? मग मारा की आता!"

आईने मारली. सणसणीत! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चापट जोरात होती, हे त्याचं अधिकृत कारण. अन्य कारणांना अद्याप दुजोरा मिळालेला नाही.