फादरांच्या नावावर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. दोनदा सांगायला बसलो आणि दोन्ही वेळा पावसापाण्याच्या गप्पा मारून उठलो. तुम्हाला का सांगतोय? खरंच माहीत नाही. तुम्ही उठून जाणार नाही असं वाटतं — एवढंच.

मी वेल्ह्याकडचा. विंझरवरून पुढं गेलं की आत एक रस्ता वळतो, तिथलं आमचं गाव. गावातला पहिला प्राध्यापक मी. पुण्यात कॅथलिक फादरांनी चालवलेल्या एका विद्यापीठात तीस वर्षं समाजशास्त्र शिकवलं. सुट्टीला गावी गेलो की पारावरची मंडळी चेष्टा करायची, "काय सर, गळ्यात क्रूस कवा घालताय?" मी हसायचो. हसण्यावारी नेलं की आपल्याला काही सांगावं लागत नाही, हे मी फार लवकर शिकलो होतो.

खरं सांगायचं तर तिथं माझा देव मला कुणी कधी विचारला नाही. आवारात चॅपल होतं, सकाळी प्रार्थना व्हायची, गुड फ्रायडेला सगळं बंद. पण वर्गात काय बोलावं यावर बंधन नव्हतं. एक पद्धत मात्र होती — धर्माशी संबंध असलेला प्रबंध मुख्य फादरांकडे वाचायला जायचा आणि ते त्यावर शेरा लिहायचे. बाहेरच्यांना वाटायचं, तिथंच सगळं अडवतात. आम्हा आतल्यांना माहीत होतं तसं नाही ते. एकदा एका पोरानं लिहिलं होतं, की चर्चच्या बाकांवरसुद्धा जात बसलेली असते. फादर दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सही केली. म्हणाले, "वाचून त्रास झाला. पण खोटं काही सापडलं नाही."

अशा माणसाच्या नावावर मी काय खपवलं, ते सांगायचंय. थांबा — आधी सगुणाबद्दल सांगतो.

सगुणा आमच्याच गावाच्या वरच्या धनगरवाड्यातली. म्हशी राखत शिकलेली पोर. तिच्या वाड्यावरून पीएच. डी.पर्यंत पोचलेली ती पहिलीच. माझ्या हाताखाली काम करायला आली तेव्हा मला कोण अभिमान! विषय तिनंच निवडला होता, गावच्या जत्रेतले मानपान. मी हो म्हणालो. हो म्हणताना मला ठाऊक नव्हतं का, की आमच्या देवीच्या जत्रेत मानाचा पहिला विडा आमच्या घराला मिळतो? आणि आमच्या घरानं विडा उचलल्याशिवाय धनगरांनी गाभाऱ्याशी यायचं नाही, तोवर बाहेर ढोल वाजवत राहायचं? ठाऊक होतं. पण लहानपणापासून पाहिलेल्या गोष्टीचं कधी काही वाटत नाही.

पोरगी कष्टाळू निघाली. वाड्यावाड्यांवर फिरून म्हाताऱ्यांना बोलतं केलं तिनं. चौथं प्रकरण माझ्या हातात आलं आणि मी ते उभ्याउभ्याच वाचलं. देवीची मूर्ती पठारावर सापडली ती धनगरांना. पहिला विडाही त्यांचाच. एका वर्षी ते जनावरं घेऊन कोकणात उतरले होते, तेवढ्यात माझ्या आजोबांनी तालुक्याला जाऊन मानाच्या कागदावर आमच्या घराचं नाव घालून घेतलं. गावात लिहिता येणारे तेच एकटे. आणि हे तिला सांगितलं कुणी? माझ्या थोरल्या आत्यानं! चहा पाजून, हसत हसत — "त्यांचाच हुता गं मान. आमी लिवून घ्येतला."

त्या वर्षी विडा उचलणारे माझे वडील होते. ऐंशी पार केलेले, जत्रेच्या आठ दिवस आधीपासून फेटा काढून ठेवणारे. मी त्यांची ढाल करत नाही. त्यांनी मला काहीच सांगितलं नव्हतं, त्यांना तर यातलं काही माहीतही नव्हतं. भावकीत मान खाली घालायची वेळ येईल ही धास्ती माझी होती. फक्त माझी.

प्रबंध रीतसर फादरांकडे गेला. आठवड्यानं त्यांनी तो मला कँटीनमध्ये परत दिला. वर त्यांच्या बारीक अक्षरात शेरा — चौथं प्रकरण सगळ्यात मोलाचं आहे, या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं पुन्हा मिळणार नाही, काहीही काढू नये.

मी ते पान काढून ठेवलं. आणि सगुणाला सांगितलं, की फादर चौथं प्रकरण नको म्हणतात.

किती सोपं होतं ते! ख्रिस्ती संस्था आहे, हिंदूंच्या देवळाच्या वादात पडायचं नाही, असं त्यांचं म्हणणं — एवढं एक वाक्य. तिनं शंकासुद्धा घेतली नाही. कुणी घेतली असती? मिशनऱ्यांचं कॉलेज म्हटल्यावर हे सगळ्यांना आधीच पटलेलं होतं, मला नवीन काही रचावंच लागलं नाही. फक्त एकदा तिनं विचारलं, "सर, म्या फादरास्नी एकदा भेटू का?" मी म्हणालो, नको, मी बोललोय त्यांच्याशी, आणखी बिघडेल. मग ती खाली बघून म्हणाली, "आज्याला सांगितलं हुतं, तुमचं नाव पुस्तकात येणार म्हणून."

तिनं प्रकरण काढलं. त्याच्याशिवाय प्रबंधात उरणार काय? तिचं मनच उडालं. वर्षभरात तिनं काम सोडलं. तिचा आजा त्याच वर्षी पावसाळ्यात गेला. पुढच्या वर्षी माझी आत्याही गेली.

गोष्ट तिथं संपली नाही. तिच्या चुलत्यानं समाजाच्या बैठकीत विषय काढला, मग तो मोबाईलवरून फिरला — फादरांनी धनगरांचा इतिहास दडपला. शंभरेक माणसं विद्यापीठाच्या फाटकाशी आली. फाटकाकडे जायच्या आधी फादरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, मी तसं काही लिहिलं होतं का हो? आठवत नाही मला."

तेव्हा तरी बोलता आलं असतं. नाही का? पान माझ्या कपाटात होतं. मी म्हणालो, "तुमच्या शेऱ्याचा तिनं चुकीचा अर्थ घेतला असेल." म्हणजे आता तीही खोटी पडली.

ते बाहेर गेले, भर उन्हात उभे राहिले आणि त्या पोरीची, तिच्या माणसांची हात जोडून माफी मागितली. कुणीतरी शिवी दिली. मी त्यांच्या मागं, सावलीत उभा होतो. त्या वर्षाअखेरीस त्यांची बदली झाली. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांच्याबद्दल भाषण मीच केलं. चांगलं झालं म्हणतात.

वडील जाऊन चार वर्षं झाली. आता विडा मी उचलतो.

मागच्या महिन्यात शिवऱ्याला एसटीची वाट बघत उभा होतो. एक बाई रस्ता ओलांडून आली आणि वाकून पाया पडली. सगुणा. सारोळ्याकडं एका शाळेत शिकवते आता. बरोबर नवरा होता. तिनं त्याला पुढं ओढलं आणि म्हणाली, "ह्येच माझे सर. माझ्यापायी फादरांशी लई भांडले हुते. व्हय ना सर?"

मी म्हणालो, "व्हय."