पदराला लावलेली पिन

गेली काही वर्षं मी समुपदेशकांना एक उपचार शिकवते. मनात नसताना ज्यांची मान किंवा खांदा झटक्याने उडतो, डोळे मिचमिचतात, घशातून आवाज निघतो, त्यांच्यासाठी. या झटक्यांना टिक म्हणतात. उपचारात गोळी नाही. झटक्याआधी आत काहीतरी दाटून येतं, ते पेशंटला ओळखायला शिकवायचं आणि ते आलं की झटका होऊच शकणार नाही अशी दुसरी हालचाल करायला लावायची. मी हे चांगलं शिकवते, असा माझा समज होता.

महाडला चार दिवसांचा वर्ग होता. त्यात कापडे गावची एक बाई होती. पोलादपूर तालुक्यातल्या शाळांत जाऊन ती मुलांशी बोलायचं काम करायची. पहिल्या दिवशी सकाळभर तिचा हात सारखा उजव्या खांद्यावर. पदर सावरायची, की लगेच पुन्हा सावरायची. माझं लक्ष विचलित व्हायला लागलं. चहाच्या सुट्टीत मी पर्समधली पिन काढून सगळ्यांदेखत तिच्या हातात ठेवली.

"ताई, लावून टाका. मी शिकवू की तुमचा पदर बघत बसू?"

सगळे हसले. तीही हसली आणि तिने पिन लावली.

दुसऱ्या दिवशी सराव होता. एकाने पेशंट व्हायचं, दुसऱ्याने समुपदेशक होऊन त्याचे झटके नोंदवायचे. पेशंट व्हायला सहसा कोणी पुढे येत नाही. तिने मात्र लगेच हात वर केला. समोर महाडचे एक गुरुजी बसले. तिचा खांदा वर उडाला, मान उजवीकडे खेचली गेली, घशातून बारीक आवाज आला. दहा मिनिटं तेच. गुरुजी गांगरले. मागून कोणीतरी म्हणालं, "शिमग्यात सोंगाला न्या गो हिला!" हशा झाला. मीही हसले. टाळ्या वाजवल्या आणि म्हटलं, "बघा, पेशंट करावा तर असा." माझा फोन तयार नव्हता म्हणून तिला पुन्हा करायला लावलं. व्हिडिओ काढला आणि नमुना म्हणून लगेच वर्गाच्या ग्रुपवर टाकला.

ती जागेवर जाऊन बसली तरी खांदा उडतच होता. मी फळ्याकडे वळता वळता म्हणाले, "ताई, पुरे आता. नाटक संपलं."

या वेळचं हसू सगळ्यात मोठं होतं. ती वाकून पिशवीत काहीतरी शोधायला लागली. दुपारी एसटीचं कारण सांगून निघून गेली.

संध्याकाळी लॉजवर मी झटके मोजायला म्हणून व्हिडिओ लावला. प्रत्येक झटक्याआधी तिची नजर थांबत होती, जबडा आवळला जात होता. त्या आधीच्या खुणेचा धडा मी अजून घेतला नव्हता. तो उद्याचा होता. जे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, त्याचं सोंग ती कुठून आणणार? मी व्हिडिओ ग्रुपवरून काढून टाकला. तोवर सगळ्यांनी पाहिला होता.

तिसऱ्या दिवशी ती आली नाही. त्या संध्याकाळी वर्ग सुटल्यावर मी कापड्याला तिच्या घरी गेले. तिची सासू ओटीवर तांदूळ निवडत होती. "शिकायचा आणि काय बाय? घरात नुसता पदराचा चाळा हाय हिला, लगीन झाल्यापास्नं," ती म्हणाली. सून मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आली.

रस्त्यात म्हणाली, "हात पदराला नेला की खांदा कोणाला दिसत नाही. पिन लावल्यावर हात न्यायला कारणच राहिलं नाही. दीड दिवस दाबून धरलं. वाटलं, पेशंट झाले तर दहा मिनिटं तरी मोकळी होईन."

मी माफी मागितली.

"माफीचं राहू द्या, मॅडम. माझं कळलं तर शाळावाले पोरं पाठवणार नाहीत माझ्याकडे. माझं नाव काढू नका. फक्त वर्गात एवढं सांगा, की पेशंट बघून हसलो ते चुकलं. तुम्हीसुद्धा."

मी हो म्हणाले. तिच्यावर उपचार करू का, असंही विचारलं. ती म्हणाली, "आधी ते सांगा."

चौथ्या दिवशी ती आली. पदराला पिन नव्हती. सुरुवातीलाच गुरुजींनी विचारलं, "मॅडम, व्हिडिओ ग्रुपवरून का काढून टाकलात? चांगला होता की."

हीच वेळ होती. सगळे माझ्याकडे बघत होते, तीही. वाक्य मी एसटीत जुळवून आणलं होतं. मी म्हणाले, "आवाज नीट आला नव्हता," आणि पुढचा धडा काढला.

तिचा हात खांद्यावर गेला आणि तिथेच राहिला. उपचाराचं मी पुन्हा काढलं नाही, तिनेही नाही. आता ती पोलादपूरकडच्या मुलांबरोबर हेच काम करते, आणि तिच्याकडे गेलेली मुलं उपचार अर्धवट सोडत नाहीत, असं ऐकते. मला तिचा फोन कधी आलेला नाही.

हल्ली प्रत्येक वर्गात सरावाआधी मी बजावते, पेशंट झालेल्या माणसाला हसायचं नाही. कोणीतरी हमखास विचारतं, का?

मी म्हणते, नियम आहे.