पहिला नंबर वरमाईचा

माझ्या व्याह्यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या दोन्ही हातांत बादल्या होत्या आणि मी त्यांच्यावर ओरडत होते.

आता एवढं वाचून तुमचा माझ्याबद्दल गैरसमज होणार, म्हणून आधी घंटेबद्दल सांगते. आम्ही औरंगाबादला (तेव्हा तेच नाव होतं) मुकुंदवाडीत राहायला आलो तेव्हा घरामागं ज्वारीची शेतं होती. बघता बघता शेतांचे प्लॉट पडले, प्लॉटांवर तीन-तीन मजले चढले, माणसं वाढली. पाणी तेवढं वाढायचं राहिलं. त्यात लागोपाठ दुष्काळाची वर्षं! नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, म्हणून टँकर. आणि टँकर कधी येणार हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं. मी तेव्हा करमाडजवळच्या एका शाळेत शिक्षिका होते. शाळेत विजेची घंटा बसली, तशी जुनी पितळी घंटा मी हेडसरांना विचारून घरी आणली. गल्लीचा नियमच ठरला. टँकर दिसला की घंटा वाजवायची, आणि घंटा वाजली की हातातलं काम टाकून, गाऊनवर टॉवेल घेऊन, बादल्यांसकट पळायचं. रांगेत पहिला नंबर कायम माझा असायचा. (घंटा माझ्याच घरात होती, हा निव्वळ योगायोग.) शेजारच्या रमावहिनी म्हणायच्या, "बाई, तुमच्या पायाला काय कळ बसवलीय का?"

त्याच दिवसांत आमच्या सचिननं इंग्लंडहून फोन केला. त्याला एमा नावाची मुलगी पसंत होती आणि आम्ही येऊन तिच्या आईवडिलांना भेटावं, असं त्याचं म्हणणं होतं. मुलगी गोरी होती. (म्हणजे खरोखरची गोरी, स्थळांच्या चिठ्ठीत लिहितात तशी नव्हे.) मी दोन दिवस रुसले आणि तिसऱ्या दिवशी पासपोर्टचे फोटो काढले. पण मनाशी एक ठरवलं. मी वरमाई आहे. वरमाईचा मान असतो, रुबाब असतो. तो सातासमुद्रापलीकडंही असला पाहिजे! म्हणून बॅगेत सगळ्यांत वर पैठणी ठेवली आणि व्याह्यांसाठी एक हिमरू शाल घेतली.

विमानात मी आमच्या ह्यांना बजावलं. ह्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं आणि उरलेलं चितेगावच्या कारखान्यात गेलं, त्यामुळं मनात येईल ते बोलायची सवय.

"हे बघा, तिथं पाण्याचा विषय काढायचा नाही. टँकर नाही, ड्रम नाही, आठ दिवस नाही."

"मग बोलू काय?"

"आपल्या शहराला बावन्न दरवाजे आहेत, ते सांगा. फिफ्टी टू गेट्स. ऐतिहासिक वाटतं."

"त्यातले उभे किती हायेत, असं कुणी इचारलं तर?"

"तुम्हाला कोण विचारतंय!"

एमाचं गाव शेताशिवारात, डोंगराच्या कुशीत होतं. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण ते लिहायचं एक आणि म्हणायचं भलतंच. निम्मी अक्षरं नुसती हजेरीपुरती बसवलेली! (मी शाळेत असं चालू दिलं नसतं.) गाडीत सचिन कौतुकानं सांगत होता, "बाबा, हे जुनं बाजाराचं गाव आहे. शेकडो वर्षं इथल्या चौकात आठवडी बाजार भरतोय."

"मंजी आपलं करमाडच की!"

"करमाड नाही हो बाबा. हे ऐतिहासिक आहे."

"मग करमाड काय काल वसलं व्हय?" एवढं बोलून हे खिडकीतून मेंढ्या बघायला लागले. "लई लोकर हाय रे यांना. उन्हाळ्यात कातरत न्हाईत का?"

गाव मात्र देखणं होतं. पिवळट दगडाची घरं, मधोमध चौक, चौकात दगडी खांबांवर उभा असलेला जुना बाजारमंडप, आणि अगदी समोर एमाचं घर. एमा दारात उभीच होती. "नमस्कार, आई," म्हणाली आणि चक्क वाकली. मी मनातल्या मनात पाच गुण दिले, पण चेहऱ्यावर दाखवले नाहीत. वरमाईला घाई करून चालत नाही. तिची आई मार्गारेट मोठ्या प्रेमानं चहा घेऊन आली. वडील घरात नव्हते. सचिन म्हणाला, "ते सरावाला गेलेत, रात्री उशिरा येतील." कसला सराव, म्हणून विचारलं तर तो आणि एमा एकमेकांकडं बघून हसले. "उद्या कळेल. सकाळी दहा वाजता तू पैठणी नेसून वरच्या मोठ्या खिडकीत उभी राहा. बाजार छान दिसतो."

मार्गारेटबाई खिडकीबाहेरच्या करपलेल्या हिरवळीकडं बघत म्हणाल्या, की यंदा पाऊसच नाही, ड्राउट आहे, बागेला पाईपनं पाणी घालायलाही बंदी आहे. ड्राउट म्हटल्याबरोबर ह्यांचे डोळे चमकले आणि तोंड उघडलं. मी टेबलाखालून चिमटा काढला.

"फिफ्टी टू गेट्स," हे म्हणाले.

प्रवासाच्या शिणानं मी संध्याकाळीच झोपले आणि दुसऱ्या दिवशी मला जाग आली तीच पावणेदहाला. घाबरून आंघोळीला पळाले. शॉवरची कळ फिरवली. थेंब नाही! उलटी फिरवली. तरी नाही! छतावरून एक दोरी लोंबत होती, पण लोकांच्या घरातल्या दोऱ्या ओढू नयेत एवढी रीतभात मला आहे. शेजारी बेसिनचा नळ होता, तो सोडून बघावा, असं कुणालाही सुचलं असतं. मला सुचण्याच्या आत चौकात घंटा वाजली.

पितळी घंटा. हातानं वाजवलेली. तीच!

पुढचं मी केलं असं मी म्हणणार नाही. ते माझ्या पायांनी केलं. कोरडा शॉवर, दुष्काळ आणि घंटा, आणखी काय पुरावा पाहिजे? गाऊनवर टॉवेल टाकला आणि जिना उतरले. स्वयंपाकघरात एक लाल बादली होती (फरशी पुसायची होती, हे नंतर कळलं), दुसरी बटाट्यांनी भरलेली होती. बटाटे जमिनीवर ओतले. कोपऱ्यात तांब्याचा जुना हंडा होता, त्यात सुकलेली जांभळी फुलं खोचली होती. एवढ्या चांगल्या हंड्यात फुलं? ती टेबलावर काढली आणि चहा पीत बसलेल्या ह्यांच्या हातात हंडा दिला.

"चला! टँकर आला!"

"इथं बी?" हे म्हणाले, पण उठले. वर्षानुवर्षांची शिस्त आहे.

चौकात बाजार भरला होता. मधोमध एक उंच माणूस लाल कोट, तीन कोपऱ्यांची टोपी आणि पांढरे मोजे घालून घंटा वाजवत उभा. मी थक्क झाले. काय देश आहे, टँकरवालासुद्धा गणवेशात! आमचा बनियनवर यायचा. टँकर दिसत नव्हता, पण तो एखाद्या गल्लीत अडकला असणार. आश्चर्य म्हणजे एवढी माणसं जमलेली आणि रांग नाही. मी पुढं होऊन त्या माणसाच्या पायाशी बादल्या ठेवल्या. माझ्यामागं हंडा घेऊन हे. ह्यांच्यामागं पिशवी घेतलेली एक म्हातारी येऊन उभी राहिली, तिच्यामागं कुत्रेवाले गृहस्थ, त्यांच्यामागं आणखी सहा-सात जण. तिकडं दोन माणसं एकामागं एक दिसली की तिसरा आपोआप उभा राहतो, त्याला मी काय करणार! म्हातारीनं ह्यांना विचारलं, ही रांग कशाची?

"फिफ्टी टू गेट्स."

म्हातारीला ते पटलं. ती हलली नाही.

तेवढ्यात त्या लाल कोटवाल्यानं माझ्याकडं तोंड करून आरोळी ठोकली, "ओये! ओये! ओये!"

आता आमच्या शहरात कुणी बाईमाणसाला 'ओये' म्हणालं तर काय होतं, हे आमच्या शहरातल्यांना सांगायला नको. मी बादल्या उचलल्या आणि टँकरच्या रांगेत जी भाषा चालते त्या भाषेत सुरू झाले. "ए! ओये किसको बोलता रे? लाइन में पैला नंबर मेरा है! हाथ मत लगाना बाल्टी को!"

तो माणूस दचकला. मग घसा साफ करून त्यानं एक गुंडाळी उलगडली आणि खणखणीत आवाजात वाचायला लागला.

ह्यांनी मागून माझा टॉवेल ओढला. "अगं ए, हा टँकरवाला न्हाय. आमच्या गावात कोतवाल असाच वरडायचा. दवंडी हाय ही, दवंडी!"

"कसली दवंडी?"

"मला काय कळतंय? तू मास्तरीण हायेस, तूच ऐक की!"

मी ऐकलं. ऐका हो ऐका (त्या 'ओये'चा अर्थ हाच, हे नंतर कळलं), भारतातल्या ऐतिहासिक औरंगाबाद शहरातून (ते त्यानं तीन तुकड्यांत म्हटलं) आमच्या गावात पाहुणे आले आहेत... माझ्या लेकीच्या, एमाच्या, होणाऱ्या सासूबाई, ज्यांनी आयुष्यभर मुलांना शिकवलं... साऱ्या गावातर्फे त्यांचं स्वागत! आणि त्यानं मोठ्या दिमाखात हात उंचावून वरच्या खिडकीकडं दाखवला. अख्ख्या बाजारानं माना वर केल्या. मीही केली. खिडकीत एमा होती, मार्गारेटबाई होत्या आणि कपाळावर हात मारलेला सचिन होता. मधली जागा रिकामी होती. मार्गारेटबाईंनी सावकाश बोट खाली केलं. मग अख्ख्या बाजारानं माना खाली केल्या.

लाल कोटातल्या व्याह्यांनी (गावाची दवंडी द्यायचा मान त्यांचा) माझ्याकडं बघितलं. गाऊन, टॉवेल, बादल्या. मग टोपी काढून कमरेत वाकले. "सचिन्स मदर?"

"येस," मी म्हटलं. नाकारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

सचिन धावत खाली आला, त्याच्यामागं एमा. "आई! अगं काय हे?"

"शॉवरला पाणी नाही."

"दोरी ओढायची असते!"

"मला काय माहीत!"

मग त्यानं व्याह्यांना सगळं समजावून सांगितलं. टँकर, ड्रम, घंटा, आठ दिवस, सगळं! जे मी विमानभर दाबून आणलं होतं ते भर चौकात बाहेर आलं. पण हसलं कुणीच नाही. व्याह्यांनी हळूच विचारलं, "एट डेज?"

"समटाइम्स टेन," मी म्हटलं. त्या क्षणी मला खरंच लाज वाटली. टँकरची नाही, तो लपवल्याची.

एमा पुढं आली. तिनं माझ्या हातातली लाल बादली घेतली, घरात गेली आणि नळावर भरून अख्ख्या बाजारातून घेऊन आली, दोन्ही हातांनी, स्वतःचे बूट भिजवत. माझ्यापुढं ठेवली. माझे डोळे भरून आले. पैठणी विसरले, रुबाब विसरले. ही पोरगी माझ्या घरची आहे, हे मला तिथंच कळलं. तिला जवळ घ्यावं, काहीतरी चांगलं बोलावं, असं अगदी आतून वाटलं. मी बादलीत वाकून बघितलं, काठाशी चार बोटं धरून दाखवली आणि म्हणाले, "चार बोटं कमी आहे गं."

"हो आई," एमा म्हणाली (सचिननं तिला शिकवलेल्या मराठीतला उरलेला अर्धा भाग तो हाच) आणि बादली उचलून परत गेली. ती काठोकाठ झाली. मग दुसरी बादली आली, मग हंडा आला. मी तिन्ही भांडी ओळीनं लावून घेतली, टॉवेलनं कपाळ पुसलं आणि ह्यांना म्हटलं, "चला, आठ दिवसांची काळजी मिटली!" हे सगळं पाणी ज्या नळाचं होतं, तो नळ चोवीस तास चालू असतो, हे मला सांगायची हिंमत शेवटी व्याह्यांनीही केली नाही.