हेमावती कटिंगला उभी राहते

सोलापुरात हेमावती ज्या गणवेशाच्या कारखान्यात होती, तिथं रीत पक्की होती: कापायचं गड्यांनी, शिवायचं बायकांनी. लेक काव्या बालवाडीत होती तेव्हापासून हेमावती कॉलरी शिवत होती. काव्या कॉलेजात गेली, एका शेडच्या तीन शेड झाल्या, गल्लीतल्या निम्म्या बायका कामाला लागल्या. पण सगळ्या शिलाईलाच.

ऐन एप्रिलात कटिंग मास्तर भारत जादा पगारावर पुण्याला गेला. शाळांच्या ऑर्डरी डोक्यावर, आणि मालक अण्णारावांना दुसरा मास्तर मिळेना.

"अण्णा, मी ऱ्हाते की उभी," हेमावती म्हणाली.

"येडी का काय? ते गड्यांचं काम."

"मशीन काय इचारतंय, बाई हाय का गडी म्हनून?"

अण्णाराव हसले, पण दुसरा इलाजही नव्हता.

भारतच्या हाताखाली तिनं कापडाचे थर कितीदा लावले होते. मशीनला मात्र त्यानं कधी हात लावू दिला नव्हता. पहिल्याच थराला पातं खुणेच्या आत सरकलं आणि सगळे शर्ट आखूड निघाले. अण्णाराव कपाळाला हात लावून बसले. हेमावतीनं धाकट्या मापाचा नमुना तुकड्यांवर ठेवून पाहिला.

"आठवीचे गेले, पन पाचवीला बसत्यात की. त्यांचीबी ऑर्डर हायच."

दुसरा थर सुरेख उतरला. पुढचेही.

हंगामात घरी यायला उशीर होऊ लागला. नवरा मडिवाळप्पा यंत्रमागावर होता; माग बंद पडल्यापासून घरीच.

"अवो, भाकरीचं आता तुमीच बघा," ती म्हणाली.

"मी?"

"मग कोन?"

त्याची पहिली भाकरी अक्कलकोट तालुक्याच्या नकाशासारखी झाली. शेजारी हसले. "आधी खाऊन बघा, मग हसा," म्हणत त्यानं त्यांच्याच पुढं ताट सरकवलं. हळूहळू भाकरी गोल झाली. भांडी मात्र तो अजून टाळतो.

जूनमध्ये अण्णारावांनी नवा मास्तर आणला. हेमावती जागची हलली नाही.

"ऱ्हाऊ द्या त्याला, पन माझ्या हाताखाली. आन् मला पगार मास्तरचा."

"बाईला एवढा?"

"मग उद्यापास्नं कॉलरीवर बसते. कापा तुमीच."

अण्णारावांनी निम्मी वाढ लगेच दिली, उरलेली दिवाळीला कबूल केली. हेमावती ते विसरू देत नाही. दर सोमवारी शेडमध्ये पाऊल टाकताच विचारते, "अण्णा, दिवाळी कुटवर आली?"