दाराबाहेरचे धोंडूकाका

धोंडूकाका कुठल्याही दारातून आधी कधी आत गेले नाहीत. पिठाची गिरणी असो, देऊळ असो, नाहीतर स्वतःचं घर, दार उघडायचं, एका हातानं धरायचं, बाजूला सरकायचं आणि म्हणायचं, "चला, आत चला." मागं कुणी नसलं तरी क्षणभर थांबायचे. काकू करवादायच्या, "आत तरी या, नायतर भायेर तरी जा! कुत्री शिरत्यात घरात." कर्जतला एसटीच्या दारात सगळ्यांना चढवता चढवता दोनदा त्यांचीच गाडी सुटली होती.

काका मुंबईला शिक्षकांच्या एका ट्रेनिंग कॉलेजात शिपाई होते. निवृत्त होऊन कडावला आमच्या शेजारी राहायला आले, त्याच वर्षी मी मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या अध्यापक विद्यालयातून मला मुलाखतीचं पत्र आलं. मुलाखत हा शब्दच आमच्या घरात पहिल्यांदा शिरत होता. बाबा म्हणाले, "एकदा नेतो पुन्याला. झालं तर झालं, नायतर मार्गशीर्षात उजवून टाकू." आईनं खालापूरचं स्थळही हेरून ठेवलं होतं. मुलगा चांगला होता म्हणे. असेल! मला मास्तरीण व्हायचं होतं. मी पत्र घेऊन थेट काकांकडे पळाले.

"वीस वर्सं मुलाखती बघितल्या मी," काका म्हणाले. मला वाटलं, देवच पावला.

"मग आत काय काय विचारतात, काका?"

"त्ये मला काय ठावं? मी दाराभायेरचा मानूस."

घ्या! कपाळावर हात मारून घेतला मी. पण काका हटले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या गोठ्यात तालीम सुरू झाली. तीन म्हशी ओळीनं बांधलेल्या. "ही मधली प्रिन्सिपॉल," काकांनी सांगितलं. "बोलताना हिच्याकडं बघायचं, पन बाजूच्या दोघींना इसरायचं नाय. त्यांना राग येतो." मी बाहेर जायची, काका दार धरायचे, मी आत यायची, नमस्कार करायची. खुर्ची म्हणून पालथी बादली. "खुर्ची वढू नको गं, उचल. आवाज झाला की समदे कागदातनं डोकं वर काढत्यात. आन् पदर चावू नको सुमे, चावायचा तर घरून भाकर खाऊन जा." प्रिन्सिपॉलबाई रवंथ करत माझ्याकडे बघत राहायच्या. सांगायला हरकत नाही, पुढे खरी प्रिन्सिपॉल पाहिली तेव्हा मला या बाईंचीच आठवण झाली.

काकांचा सगळा जोर आत जाण्यापेक्षा बाहेर येण्यावर होता. "आत जाताना समद्यांची काळजं सारखीच धडधडत्यात, बाय. मानूस कळतो तो भायेर येताना." निकाल लागायच्या आधी ते चेहऱ्यावरून सांगत, म्हणे. मला वाटायचं, बढाया मारताहेत.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी मोठ्या ऐटीत त्यांना माझी हुशारी सांगितली. माझे बाबा कुंभिवलीला हायवेवरच्या एका हॉटेलात कपबश्या विसळायचे. आठवड्यातून एकदा घरी यायचे ते हाताच्या बोटांना चिरा घेऊन. अर्जात वडिलांच्या धंद्यासमोर मी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'हॉटेल व्यवसाय'.

"खोटं कुठं आहे? हॉटेलातच असतात ना!" मी हसत म्हटलं.

काका हसले नाहीत. गव्हाणीच्या कडेवर बसले. बराच वेळ म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

"आमची सुलभा ठावी हाय ना तुला?"

काकांची सुलभा नागपूरला शिक्षिका होती. गावाला फारशी येत नसे, एवढंच मला माहीत होतं.

"ती माज्याच कालिजात मुलाखतीला आली. मीच सांगितलं तिला, बाप शेती करतो म्हन. वळख दावू नको. शिपायाची पोर म्हनलं तर घेतील का नाय, मला भ्या वाटलं. त्या दिवशी दार नीट लागलं नवतं. आतून इचारलं, भायेरचा धोंडू तुज्याच गावचा दिसतो, कोन लागतो? ती म्हनली, कोनी नाय."



"मग त्यांनी घेतली नाही का तिला?" मी विचारलं.

"घेतली की! दोन वर्सं शिकली. दोन वर्सं मी दार उघडायचा, ती खाली बघून आत जायची. मीच सांगितलं व्हतं, तिची काय चूक? पन मग ती सवय गेलीच नाय गं." काका उठले. "लपवलंस तरी जागा मिळंल. मिळती. म्हनूनच सांगतो, सुमे. आतला एवढा एकच सवाल मला ठावा हाय."

पुण्याला बाबा लग्नातला सदरा घालून आले आणि बाहेर भिंतीला टेकून उभे राहिले. आत तिघं होते. मी खुर्ची उचलली, ओढली नाही. मधल्या बाईंनी अर्ज पाहिला. "वडिलांचं हॉटेल आहे वाटतं?"

मार्गशीर्ष, खालापूरचं स्थळ, सगळं डोळ्यांसमोर फिरलं. नुसतं 'हो' म्हटलं की झालं असतं.

"नाही. ते हॉटेलात कपबश्या धुतात. बाहेर उभे आहेत."

"मग हे कुणी लिहिलं?"

"मी. मला लाज वाटली होती."

त्यांनी काहीतरी खरडलं आणि "या तुम्ही" म्हणाल्या. संपलं, असंच मला वाटलं. बाहेर बाबांनी विचारलं, "काय इचारलं गं?"

"तुमी काय करता ते."

"मंग?"

"हाय ते सांगितलं."

बाबांनी दोन्ही हात मागं घेतले. मी त्यातला एक ओढून धरला, तो कर्जत येईपर्यंत सोडला नाही.

घरी न जाता काकांकडे गेले. "गोठ्यातनं भायेर येऊन दाव," ते म्हणाले. मी आत जाऊन बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "झालं तुजं काम," एवढंच बोलले. पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. आईनं खालापूरला निरोपही धाडला. दुसऱ्या यादीत शेवटून तिसरी मी होते. काकांना सांगायला गेले तर म्हणतात कसे, "मी यादीचं कुठं म्हनलो व्हतो?"

काका गेले तेव्हा मी भिवपुरीच्या शाळेत शिकवत होते. अंगणात माणसं जमली होती. दुपारी एक बाई बॅग घेऊन आल्या आणि उंबऱ्याशी थबकल्या. कुणीतरी विचारलं, "आपण कोण?"

"मुलगी," त्या हळूच म्हणाल्या. कुणाला नीट ऐकू गेलं नाही. मग त्यांनी मान वर केली. "धोंडू शिपायाची मुलगी आहे मी."

अंगणातल्या शेवटच्या माणसानंही ऐकलं. ज्यानं ऐकायला हवं होतं तो आत शांत पडून होता, आणि मला रडू आवरेना. दार वाऱ्यानं मिटायला लागलं होतं. मी पुढं होऊन ते एका हातानं धरलं, बाजूला सरकले आणि म्हटलं, "चला, आत चला."