मामींचा पाहुणचार

"आधी खा, मग विचारा," असं म्हणून मामी माझ्या हातातला पेन काढून घेत आणि त्याजागी पोह्यांची बशी ठेवत.

असं एखादं घर तुम्हीही पाहिलं असेल, जिथे चौकशीला गेलेला माणूस ढेकर देत बाहेर पडतो. मी तर चौकशीचाच पगार घेतो. आईबाप गेलेली मुलं नात्यातल्या घरीच वाढावीत म्हणून एक संस्था दरमहा मदत देते. ती मदत गरजू घरीच जाते का, हे मी भोपाळभर फिरून तपासतो.

मामी बाग सेवनियात राहत. माहेर उज्जैनचं, नवरा वारलेला. जवाहर चौकातल्या एका दुकानासाठी घरी साड्यांना फॉल लावत. नवऱ्याची अनाथ भाची, छोटी, त्यांच्याकडे होती.

"मामी दिवसभर ओरडते," छोटीनं तक्रार केली.

"मग काय तुझी आरती ओवाळू? खरकटं उचल," मामी म्हणाल्या, आणि तिच्या बशीत स्वतःची जिलेबी टाकली.

मी तेव्हा दुसऱ्या बशीवर होतो. शेजारीण खिडकीतून डोकावली. "भाभी, मेहमान चले जाएँ तो कुर्सियाँ वापस भेज देना. और कप भी."

मामींनी खिडकी लावली. "तिला बडबडायची सवयच आहे."

मला हसू आलं. शेजारणीच्या खुर्चीत बसून, शेजारणीच्या कपातून चहा पीत मी या घराची परिस्थिती न्याहाळत होतो. ऑफिसात मी माणसं ओळखण्यात हुशार समजला जातो.

अहवाल मन लावून लिहिला. घर लख्ख, मूल हसतमुख, पाहुणचार उत्तम, नाश्त्याला गरम जिलेबी. वाटलं, वाचून संस्थेची समिती मामींचा सत्कारच करील.

समितीतल्या मोठ्या साहेबांनी नेमक्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "जलेबी खिलाती है? फिर इसको हमारी क्या ज़रूरत?"

सगळे हसले. मीही हसलो, साहेबांबरोबर हसायची सवय आहे मला. मग भान आलं. "सर, वो तो मेहमाननवाज़ी थी. कुर्सी तक पड़ोसी की थी."

"आप खाकर आए हैं. आपकी गवाही नहीं चलेगी."

मदत बंद झाली. ते सांगायला मीच गेलो. मामींनी बशी पुढे केली आणि मी, तुमचा विश्वास बसणार नाही, आधी खाल्लं. शेवटचा घास गिळून मग सांगितलं.

मामींनी रिकामी बशी उचलली. "म्हणजे भाऊ, तुम्हाला उपाशी परत पाठवायला हवं होतं."

फॉल लावून भाडं निघालं असतं किंवा शाळा, दोन्ही नाही. मामींनी काही महिने ओढून नेलं. मग समितीनेच दया दाखवली आणि जबलपूरच्या एका बालगृहात छोटीची सोय केली.

नेण्याच्या दिवशी तिला गाडीत बसवून द्यायला मला पाठवलं होतं. छोटीनं दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. "मी जिलेबी मागणार नाही. कधीच नाही."

मामींनी तिची बोटं एकेक करून सोडवली. "जिलेबीचं काय घेऊन बसलीस? मला तुझा कंटाळा आलाय. तू माझी कोण? ज्यांची भाची होतीस ते गेले. जा."

छोटीनं हात सोडले. रडणं जागच्या जागी थांबलं. मामींकडे तिनं असं पाहिलं की मीच नजर वळवली. मग ती स्वतःहून गाडीत चढली आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसली. गाडी गल्लीच्या टोकाशी वळेपर्यंत तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

मामी पदराला हात पुसत होत्या, हात कोरडेच होते.

"तिला खरं वाटलं ना? तुमचं कामच ते, तुम्ही सांगा."

"वाटलं," मी म्हणालो.

"बरं झालं. आता तिथं रात्री दाराकडे बघत बसायची नाही," मामी म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि भर दुपारी त्यांनी दाराला कडी लावली.